साखर चाटून अक्कल येत नाही

आमच्या शाळेची सहल यंदाही वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद करून आली. वऱ्हाडातल्या शाळांच्या सहलीचा हा ठरलेला रस्ता. एस.टी.ची गाडी करायची, पहाटे निघायचे, लेणी पाहायची, किल्ला चढायचा, बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढायचा, पाणचक्कीचे पाणी पाहायचे आणि वेळ उरला तर खुलताबादला फातेहा देऊन परतायचे. मी अकोला जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. मूळचा अमरावतीचा. विद्यार्थी म्हणून एकदा आणि शिक्षक म्हणून चार वेळा मी हा रस्ता केला आहे.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही सात शिक्षक चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता प्रत्येकाने आपापल्या आठवणीतले खुलताबाद सांगितले. एकाला औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर आणि तिच्यावरचा सब्जा आठवत होता. दुसऱ्याने टोप्या शिवून कफनापुरते पैसे साठवल्याची गोष्ट सांगितली. आमच्या आपांना जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यातला, १२ रबीउल अव्वलला दर्शनासाठी काढला जाणारा पैरहन-ए-मुबारक आठवत होता. मराठी शिकवणाऱ्या देशमुख सरांना भद्रा मारुतीची शनिवारची गर्दी आठवत होती. सगळ्या आठवणी खऱ्या होत्या. मी विचारले, "अमीर हसन सिज्झींची कबर कुणी पाहिली? आझाद बिलग्रामींची?" कुणीच बोलेना. मग आमच्यातले सर्वांत वडील शिक्षक म्हणाले, "अरे सर, वो शकरवाली कबर क्या? जहां बच्चों को शकर चटाते?" आणि मग एकदम सगळ्यांनाच ती आठवली! आपांच्या भावाला तिथे नेले होते. एका सरांना स्वतःलाच नेले होते.

मलाही नेले होते. मी सात वर्षांचा होतो आणि पाढे पाठ होत नव्हते. अम्मीला कुणीतरी सांगितले की ज्या पोराचे डोके चालत नाही त्याला खुलताबादच्या त्या मजारीवर न्यावे, कबरीवर साखर ठेवावी आणि पोराने ती जिभेने उचलावी. जेहन खुलतो, जबान साफ होते. अम्मीने खालाकडून भाड्याचे पैसे उसने घेतले आणि मला घेऊन गेली. मी साखर चाटली. त्या वर्षी मी गणितात नापास झालो. अम्मीने मला बोल लावला नाही आणि मजारीलाही नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की आपली नियत कमी पडली.

अम्मीवर मला हसायचे नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि मुलाला शिकवायचे या एकाच ध्यासाने तिथपर्यंत गेली होती. माझा राग आमच्यावर आहे. आम्ही बी.ए., बी.एड. झालेले, उर्दू भाषा आणि अदब शिकवून पगार घेणारे लोक. त्या कबरीत कोण झोपला आहे हे अम्मीला माहीत नव्हते. सात शिक्षकांपैकी सहांनाही माहीत नव्हते. आणि मला जे माहीत होते ते मी वर्गात कधी सांगितले नव्हते. मग अम्मीत आणि आमच्यात फरक काय?

कोण होते हे अमीर हसन? दिल्लीचे फारसी कवी, अमीर खुसरोंचे मित्र. त्यांच्या गझला अशा की लोक त्यांना 'सादी-ए-हिंद' म्हणत. पण त्यांचे खरे मोठे काम वेगळेच आहे. १३०८ सालापासून १३२२ सालापर्यंत ते हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिसीत बसले आणि जे ऐकले ते घरी येऊन लिहीत गेले. १८८ मजलिसी. कोण आले, काय विचारले, शेखांनी कोणती गोष्ट सांगितली, कुठे डोळ्यांत पाणी आले. लिहिलेले त्यांनी शेखांना दाखवले आणि शेखांनी ते तपासून दिले. या पुस्तकाचे नाव 'फवाइद-उल-फुआद'. पुढे मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादला आणले तेव्हा अमीर हसन दख्खनमध्ये आले आणि इथेच त्यांची माती झाली.

शिक्षक म्हणून मी या पुस्तकाकडे पाहतो तेव्हा मला काय दिसते? एका विद्यार्थ्याची वही! चौदा वर्षे नेमाने काढलेली टिपणे! ज्या माणसाने लक्ष देऊन ऐकले, घरी जाऊन लिहिले, उस्तादाकडून तपासून घेतले, त्याच्या कबरीवर आम्ही आमची मुले नेतो आणि त्यांना सांगतो की बाबा रे, ऐकू नकोस, लिहू नकोस, साखर चाट!

तिथून जवळच दुसरी कबर आहे. मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी. जन्म १७०४, उत्तरेतल्या बिलग्रामचा. हज करून आले आणि औरंगाबादेत स्थायिक झाले. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आझादांचा काळ औरंगाबादचा, म्हणून इथे तेच लिहितो. काही वर्षे ते बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात राहिले. तकिया म्हणजे तीच पाणचक्की, जिथे आमची पोरे पाण्याच्या चादरीपुढे सेल्फी घेतात. अरबीत त्यांनी नबींची एवढी स्तुतिकाव्ये लिहिली की त्यांना 'हस्सान-उल-हिंद' म्हटले गेले. 'सुब्हत-उल-मरजान' या अरबी ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानच्या काव्यशास्त्राची अरबी अलंकारशास्त्राशी तुलना केली. म्हणजे या भूमीत काव्याचे जे शास्त्र आहे ते अरबांनाही कळावे असे त्यांना वाटले. १७८६ साली ते गेले आणि अमीर हसनच्या शेजारी दफन झाले.

पण आझादांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट यापैकी कोणतीच नाही. ती वऱ्हाडाशी जोडलेली आहे, आणि वऱ्हाडातल्या एकाही शाळेत मी ती ऐकलेली नाही.

शाहनवाज खान हे निजामाच्या दरबारातले मोठे अंमलदार. वऱ्हाडचे दिवाण. निजामाच्या मुलाच्या बंडात त्याची बाजू घेतली म्हणून मर्जीतून उतरले आणि सुमारे पाच वर्षे घरी बसले. त्या रिकाम्या काळात त्यांनी मोगल काळातल्या अमीर-उमरावांची चरित्रे लिहायला घेतली. हाच तो 'मआसिर-उल-उमरा'. १७४७ साली त्यांना वऱ्हाडची दिवाणी परत मिळाली, पुढे ते आणखी मोठ्या पदावर गेले आणि लिखाण अपुरे राहिले. १७५८ साली औरंगाबादेतल्या धामधुमीत त्यांचा खून झाला. घर लुटले गेले. त्या लुटीत हस्तलिखिताची पाने कुठल्या कुठे गेली.

आझाद त्यांचे मित्र. मित्राची कबर तर होतीच. फातेहा द्यायचा, फुले वाहायची, वर्षाला उर्स करायचा, एवढ्यावर भागले असते. आझादांनी तसे केले नाही. ते पाने शोधत फिरले. सुमारे वर्षभर शोधल्यावर हस्तलिखित हाती लागले, तेही अपुरे. त्यांनी पाने जुळवली, प्रस्तावना लिहिली, मित्राचे चरित्र लिहिले. पुढे शाहनवाज खानांचे चिरंजीव अब्दुल हई खान यांनी भर घालून १७८० साली ग्रंथ पुरा केला. त्यात ७००हून अधिक चरित्रे आहेत. १८८८ ते १८९१ या काळात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापला आणि आज मोगल इतिहासाचे कोणतेही काम त्याच्याशिवाय पुढे जात नाही. वऱ्हाडच्या एका दिवाणाची वही एका मित्राने लुटीतून उचलून आणली म्हणून हे झाले.

मित्राची खरी फातेहा कोणती, हे आझादांनी करून दाखवले आहे. त्यांची कबर आम्हाला सापडत नाही. सापडली तरी आम्ही तिच्यावर साखरच ठेवणार!

आता कुणी म्हणेल, मास्तर, दिवस कोणते आणि तुम्ही बोलता काय! २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या एका कबरीवरून सारा महाराष्ट्र तापला. नागपुरात दंगल झाली. आमच्या मोहल्ल्यात आठवडाभर लोक लवकर दुकाने बंद करीत होते. अशा वेळी आपल्याच लोकांचे दोष कशाला काढायचे?

हा प्रश्न मी टाळत नाही. कबर उखडा म्हणणारे चूकच आहेत. पण त्या महिन्यात आपण तरी काय केले? टी.व्ही.वाल्यांनी बादशहाची कबर दाखवली आणि आपणही बादशहाच्याच कबरीवर वाद घातला. तो चांगला होता की वाईट, टोप्या शिवत होता की नव्हता. त्याच गावात फारसीचा एक मोठा कवी आहे, अरबीचा एक मोठा पंडित आहे, हे एकाही वादात कुणाच्या तोंडून आले नाही. 'खुलताबाद म्हणजे औरंगजेब' हे विरोधकांनी म्हटले आणि आपण ते कबूल केले. आपला इतिहास म्हणजे फक्त बादशहांचा इतिहास, ही त्यांचीच मांडणी आपण डोक्यावर घेतली आहे. बादशहा आपले कोण? आम्ही अताऱ्यांची, पिंजाऱ्यांची, बागवानांची, कसाबांची पोरे. आम्हाला वही-पेनवाल्यांचा वारसा हवा, तख्तवाल्यांचा नव्हे.

कबर उखडली जाणे काय असते हे आपण पाहिलेलेही आहे. वली दख्खनी औरंगाबादचा. 'उर्दू कवितेचा बाबा आदम' असे त्याला मुहम्मद हुसेन आझादांनी म्हटले आहे. तो अहमदाबादेत वारला आणि शाहीबागेत त्याची मजार होती. २००२ च्या गुजरात दंगलीत, पोलीस आयुक्तांच्या कार्यालयासमोर असलेली ती मजार पाडली गेली आणि त्या जागेवरून डांबरी रस्ता केला गेला. ज्या कवीने गुजरातच्या विरहावर कविता लिहिली त्याची ही गत.

मी तेव्हा शाळेत होतो. अमरावतीत आमच्या मोहल्ल्यात एक छोटी निषेधसभा झाली होती. पंचवीस-तीस माणसे असतील. एकामागून एक भाषणे झाली. सभेच्या शेवटी एक निवृत्त मास्तर उठले. पांढरा पायजमा, खांद्यावर रुमाल. ते म्हणाले, "तकरीरें बहुत हो गयीं, अब जरा वली को भी सुन लो." आणि त्यांनी वलीची अख्खी गझल तोंडपाठ म्हटली. त्या सभेत वलीचा शेर माहीत असलेला तो एकच माणूस होता. बाकीचे आम्ही, ज्याचा एक शब्दही वाचला नव्हता त्याच्यासाठी घोषणा देऊन घरी गेलो.

आणि आता जे सांगायचे आहे ते माझ्याविषयी आहे.

हे मास्तर स्वतः शायर होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना त्रास नको. अमरावती, अकोला, अचलपूरच्या मुशायऱ्यांना ते जात. छापून कधी काही आले नाही, पण वह्या होत्या. शाळेच्या दोनशे पानी वह्या, पुठ्ठ्याच्या, उर्दूत सुंदर हस्ताक्षरात भरलेल्या. मी अमरावतीला बी.एड. करीत असताना त्यांचा इंतकाल झाला. चाळिसावा झाल्यावर घर रिकामे करायचे ठरले. आपल्याकडे रीत आहे, ज्या कागदावर अल्लाचे, नबींचे नाव असेल तो रद्दीत द्यायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही, तो 'ठंडा' करायचा. पोत्यात भरायचा आणि विहिरीत सोडायचा. रीत अदबीची आहे, चांगली आहे. घरच्यांनी जुनी पंजसुरे, फाटके सिपारे, दिनदर्शिका, उर्दू अखबार आणि त्यांच्यासोबत त्या वह्याही पोत्यात भरल्या. उर्दूत लिहिलेले सगळेच पाक, असा त्यांचा हिशेब. ते पोते माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत सोडायला मी गेलो. मी! उर्दूचा पदवीधर, उद्याचा मुअल्लिम!

पोते बांधताना मी वह्या पाहिल्या होत्या. एक उघडलीही होती. मनात आलेही की ही ठेवून घ्यावी. पण मागितले तर मयताच्या घरचे काय म्हणतील, म्हणून बोललो नाही. पोते पाण्यात गेले तेव्हा थोडा वेळ तरंगले आणि मग बुडाले. मी हात जोडून दुरूद म्हटला आणि सवाबचे काम केले असे समजून घरी आलो.

त्यांची कबर आजही नीट आहे. मुले दरवर्षी शब-ए-बरातला तिला चुना लावतात, फुले टाकतात. आम्ही दोन-चार जुने विद्यार्थी कधी भेटलो की त्यांच्या आठवणी काढतो. एक म्हणतो त्यांची अमुक गझल फार छान होती. दुसरा म्हणतो, ती तशी नव्हती, रदीफ वेगळी होती. तिसऱ्याला दोन मिसरे आठवतात, तेही अर्धे. वही असती तर भांडण एका मिनिटात मिटले असते. अहमदाबादेत कबर पाडली, पण वलीचा दीवान राहिला. १८३४ साली गार्सां द तासी नावाच्या फ्रेंच पंडिताने तो पॅरिसला छापला होता. डांबर टाकणाऱ्यांचा हात तिथपर्यंत पोचला नाही. आमच्या मास्तरांची कबर शाबूत आहे आणि दीवान आम्ही बुडवला. कुणी दंगेखोर आला नव्हता. मोठ्या अदबीने, दुरूद म्हणत, आम्हीच.

मी दोन्ही गोष्टी एका तराजूत तोलत नाही. मजार पाडणे हा गुन्हा आहे आणि वही बुडवणे ही गफलत आहे. गुन्ह्याची दाद कोर्टात आणि सरकारात मागायची, मागत राहायची. पण गफलतीची दाद कुणाकडे मागणार? ती आपली आपणच दुरुस्त करायची.

मजारींना न मानणारे माझे काही मित्र म्हणतात, बरेच झाले, कबरींचा नाद सोडा, ते शिर्क आहे. मी म्हणतो, ठीक आहे, साखर सोडा, चादर सोडा. पण मग पुस्तक धरा! कबरही सोडली आणि पुस्तकही सोडले तर हातात उरले काय? मजारीवर जाणारा निदान नाव तरी घेतो. तुम्ही तर नावही घेत नाही. आणि मजारीला मानणाऱ्यांना माझे सांगणे आहे की जरूर जा. पण अमीर हसनने ज्यांच्यासाठी लेखणी धरली त्या शेखांची एक मजलिस वाचून जा.

कुणी म्हणेल, हे सारे फारसीत आणि अरबीत आहे, आम्हाला काय कळणार? 'फवाइद-उल-फुआद'चे उर्दू तर्जुमे आहेत. १९९२ साली ब्रूस लॉरेन्स यांनी ते इंग्रजीत आणले. अमेरिकेतला माणूस खुलताबादच्या कबरीतल्या माणसाची वही वाचतो, आणि खुलताबादला एका दिवसात जाऊन येणाऱ्या आम्हाला ती अवघड वाटते! या वार्षिकाचे वाचक तर दोन-तीन भाषा जाणणारे आहेत. घरी उर्दू किंवा दख्खनी, बाजारात वऱ्हाडी, लिहायला मराठी. तर्जुम्याचे काम आपण नाही करायचे तर कुणी करायचे? एका मजलिसीचा तर्जुमा म्हणजे फार तर दोन-तीन पाने. वऱ्हाडातल्या शंभर शिक्षकांनी मनावर घेतले तर सगळ्या मजलिसी मराठीत यायला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुरतील.

मी माझ्यापुरते दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पुढच्या सहलीला खुलताबादला गाडी थांबेल ती अमीर हसन आणि आझादांसाठी. सहलीच्या आधी वर्गात एक मजलिस उर्दूत वाचायची, तिचा मराठी तर्जुमा मुलांकडून करून घ्यायचा आणि मजारीपाशी एका मुलाने तो वाचायचा. साखर वाटू, पण ती हातावर, वाचून झाल्यावर! हेडमास्तर सुरुवातीला म्हणाले, "वक्त कहां है सर?" मी म्हणालो, मकबऱ्याच्या फोटोची वीस मिनिटे कमी करू. ते हसले आणि हो म्हणाले.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. अकोला, बाळापूर, अचलपूर, अमरावती, कुठेही एखाद्या जुन्या मास्तरांच्या, शायरांच्या, मौलवींच्या घरी मय्यत झाली की चाळिसाव्याला जायचे आणि लाज न बाळगता विचारायचे, "वह्या आहेत का?" गेल्या वर्षभरात मी तीन घरी विचारले. एका घरच्यांना राग आला. दुसऱ्या घरी काही नव्हते. तिसऱ्या घरी चाचींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि म्हणाल्या, "ले जा बेटा, मैं तो परसों ठंडा करने वाली थी." पेटीत अकरा वह्या निघाल्या. कविता साधारण आहेत. पण एका वहीत १९६० नंतरच्या मुशायऱ्यांच्या नोंदी आहेत, कोण आले होते, कुणी काय वाचले. मी आणि नववीची चार मुले त्या उतरवून घेत आहोत. त्यातला एक मुलगा पाढ्यांत कच्चा आहे. पण त्याला माझ्यापेक्षा लवकर जुने हस्ताक्षर वाचता येते.

वाचकहो, तुमच्याही घरात असे पोते असेल. विहिरीवर नेण्याआधी ते एकदा उघडा. सिपारे वेगळे काढा, ते जरूर ठंडे करा. वह्या ठेवा. तुम्हाला उर्दू वाचता येत नसेल तर जवळच्या उर्दू शाळेत जा आणि मास्तरांपुढे ठेवा. ते टाळाटाळ करू लागले तर त्यांना विचारा, लुटलेल्या घरातली पाने वर्षभर शोधत फिरणारा माणूस कोण होता. त्यांना माहीत नसेल तर सांगा.